नाममुद्रा आणि मालकी : मराठी गेय कवितेच्या पुनर्वापराची नीती

प्रास्ताविक

वाशीम जिल्ह्यातील रिठद आणि परिसरातील गावांत वर्षभर कोठे ना कोठे गाणे चालू असते. कार्तिकात पहाटेचा काकडा असतो, सप्ताहात हरिपाठ व कीर्तन असते, खंजिरीवर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने म्हटली जातात आणि एप्रिल जवळ आला की भीमजयंतीसाठी गायनपार्ट्यांच्या तालमी सुरू होतात. या गाण्यांपैकी फारच थोडी गाणाऱ्याने स्वतः रचलेली असतात. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची आणि गळा तिसऱ्याचा, अशी ही रीत आहे. या रीतीला गावात कोणी चोरी म्हणत नाही. मात्र तेच गाणे ध्वनिमुद्रित होऊन बाजारात जाते, तेव्हा ते कोणाचे, हा प्रश्न अचानक उभा राहतो आणि त्याचे उत्तर देण्यासाठी स्वामित्वहक्काचा म्हणजेच कॉपीराइटचा कायदा पुढे येतो.

कायद्याच्या अंगाने या विषयाची चर्चा बरीच झाली आहे. साहित्यसमीक्षेच्या अंगाने ती कमी झाली आहे. दुसऱ्याची कला वापरताना काय पाळावे, याचे काही उत्तर मराठी गेय कवितेने आपल्या रचनेतच दिलेले आहे, ही बाब त्यामुळे दुर्लक्षित राहिली. मराठी गेय परंपरेने परवानगीपेक्षा श्रेयाला अधिक महत्त्व दिले, त्या श्रेयाची जागा कवितेच्या रूपबंधातच राखून ठेवली आणि आजच्या माध्यमांनी नेमकी तीच जागा कापून टाकली, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे. कायद्यात सुधारणा करावयाची असेल तर ती मालकीची मुदत वाढवण्याच्या दिशेने न होता नाव राखण्याच्या दिशेने व्हावी, हा या विवेचनाचा निष्कर्ष आहे.

१. नाममुद्रा : रूपबंधातील सही

अभंगाच्या अखेरच्या चरणात कवीचे नाव येते. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'चोखा म्हणे', 'म्हणे जनी' ही नाममुद्रांची रूपे मराठी माणसाच्या कानांत बसलेली आहेत. उत्तरेकडील भक्तिकाव्यात हिला छाप म्हणतात, गझलेत तखल्लुस येतो. मुद्रणकला नव्हती आणि कविता मुखोद्गत होऊन प्रवास करीत होती, त्या काळात मुखपृष्ठावर नाव छापण्याची सोय नव्हती. म्हणून कवीचे नाव कवितेच्या देहातच गोवले गेले. गाणारा कोणीही असो, शेवटी कवीचे नाव त्याच्या तोंडून उच्चारले जाणारच, अशी ही योजना होती. ते नाव वृत्तात बसवलेले असल्यामुळे सहजासहजी बदलताही येत नसे.

नाममुद्रा हे अहंकाराचे चिन्ह आहे काय, असा आक्षेप कधी कधी घेतला जातो. ज्या संतांनी 'मी'पणा टाकावयास सांगितला त्यांनी आपले नाव का घालावे? याचे उत्तर असे की नाममुद्रा मालकी सांगत नाही, जबाबदारी सांगते. 'तुका म्हणे' याचा अर्थ 'हे तुकारामाच्या मालकीचे आहे' असा नसून 'हे तुकाराम बोलला आहे, याचा जाब त्याला विचारा' असा आहे. चोखामेळ्यांच्या बाबतीत हा अर्थ अधिक गडद होतो. मंदिराच्या दाराबाहेर उभा केलेला माणूस आपले नाव घालून बोलतो, तेव्हा त्या नावाबरोबर त्याची समाजातील जागाही कवितेत येते. ते नाव वगळले तर अभंगातील दुःख कोणाचेही होऊ शकते आणि जे कोणाचेही होते त्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही.

हीच रीत पुढे शाहिरांनी चालवली. होनाजी बाळा या जोडनावाचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. होनाजी शिलारखाने हे रचनाकार आणि बाळा कारंजकर हे त्यांचे गायक साथीदार होते. मुद्रेत मात्र दोघांचीही नावे एकत्र येतात. रचणाऱ्याइतकाच गाणाऱ्याचाही गाण्यावर हक्क आहे, हे पेशवाईच्या उत्तरकाळातील एका शाहिरी फडाने मान्य केले होते. भारतीय कायद्याने सादरकर्त्या कलावंताचा स्वतंत्र हक्क प्रथम १९९४ च्या दुरुस्तीने मान्य केला, हे लक्षात घेतले म्हणजे या जोडमुद्रेचे मोल ध्यानात येते.

विसाव्या शतकातही ही परंपरा खंडित झाली नाही. आडकोजी महाराजांनी दिलेले नाव तुकडोजी महाराजांनी 'तुकड्यादास' या मुद्रेने भजनांत आणले. सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे १९२२ साली जन्मलेल्या वामनदादा कर्डक यांनी आपल्या असंख्य गीतांच्या अखेरीस 'वामन' ही मुद्रा ठेवली. त्यांच्या एका संग्रहाचे तर नावच 'हे गीत वामनाचे' असे आहे. ज्या समाजाला शतकानुशतके नाव घेण्याचाच अधिकार नाकारला गेला, त्या समाजातील कवीने आपले नाव गाण्यात कोरणे ही केवळ काव्यरूढी राहत नाही.

२. नाममुद्रेच्या मर्यादा

नाममुद्रा ही निर्दोष व्यवस्था होती असे मात्र म्हणता येणार नाही. तिच्यात दोन प्रकारची फसगत संभवते. पहिली म्हणजे दुसऱ्याची रचना आपल्या नावावर खपवणे. तुकारामांच्या चरित्रकथांत येणारा सालोमालो हा या प्रवृत्तीचा प्रतिनिधी होय. तुकारामांचे अभंग आपल्या नावाने म्हणणारा हा कीर्तनकार प्रभातच्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' या चित्रपटामुळे घराघरांत पोहोचला. लोकमानसाने त्याला खलनायक ठरवले, ही गोष्ट महत्त्वाची आहे. अभंग सर्वांनी म्हणावेत, याला कोणाचीच हरकत नव्हती. हरकत होती ती नाव पुसण्याला. तेव्हा 'आपल्याकडे कला सर्वांची असे, श्रेयाची कल्पना पाश्चात्त्यांकडून आली' हे वारंवार केले जाणारे विधान सालोमालोच्या एका कथेनेच खोटे ठरते.

दुसरी फसगत याच्या उलट आहे. आपली रचना थोराच्या नावावर घालणे हा मोह मध्ययुगात मोठा होता. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीच्या रचना मिसळल्या आणि 'नामा' ही मुद्रा कोणाची, हा अभ्यासकांपुढील कायमचा पेच होऊन बसला. तुकारामांच्या गाथेचे चिकित्सक संपादन १८६९ आणि १८७३ साली मुंबई सरकारच्या साहाय्याने दोन खंडांत प्रसिद्ध झाले, त्यामागेही अस्सल आणि प्रक्षिप्त यांची निवड करण्याची गरज होतीच. क्रिस्तियन नोवेट्झके यांनी नामदेव परंपरेवरील आपल्या २००८ च्या ग्रंथात असे दाखवले आहे की येथे कर्ता ही एक व्यक्ती न राहता गाणारे, लिहिणारे व स्मरणारे यांच्या समूहातून घडत जातो. हे निरीक्षण मोलाचे आहे. तथापि समूहानेही नाव टाकले नाही, उलट आपले शब्द त्या नावाखाली आणले, हे विसरता येत नाही.

या संदर्भात 'संत तुकाराम' चित्रपटातीलच एक प्रसंग उद्बोधक आहे. त्यातील अतिशय लोकप्रिय झालेले एक पद तुकारामांचे नसून गीतकार शांताराम आठवले यांचे आहे. ते इतके बेमालूम उतरले की अनेक जाणकारांनी ते तुकारामांचेच मानले. आठवल्यांनी त्या पदात 'तुका म्हणे' ही मुद्रा मात्र घातली नाही. तुकारामांची शैली घेतली, पण सही घेतली नाही. दुसऱ्याच्या कलेचा वापर कोठपर्यंत करावा, याची याहून नेटकी सीमारेषा शोधूनही सापडणार नाही.

३. चाल : उसनवारीची उघड नोंद

शब्दांची नोंद अखेरच्या कडव्यात होते, तर चालीची नोंद गाण्याच्या माथ्यावर होते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'पासून म्हणजे १८८० पासून छापील नाटकांत पदाच्या वर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचा निर्देश करण्याची रीत रूढ झाली. पुढे १९११ साली 'मानापमान'साठी गोविंदराव टेंबे यांनी हिंदुस्थानी ठुमरी-दादऱ्याच्या चाली मराठी रंगभूमीवर आणल्या आणि मराठी नाट्यसंगीताला नवे वळण मिळाले. नाट्यसंगीत ही मराठीची अभिमानास्पद निर्मिती मानली जाते. ती उसन्या चालींवर उभी आहे, म्हणून तिचे मोल कोणी कमी लेखत नाही.

भजनाच्या आणि भीमगीतांच्या स्वस्त पुस्तिकांनी हीच पद्धत उचलली. गाण्याच्या वर चित्रपटगीताचे नाव चाल म्हणून छापलेले असते आणि खाली अखेरच्या कडव्यात कवीची मुद्रा असते. दहा-वीस रुपयांच्या पुस्तिकेच्या एका पानावर अशा दोन नोंदी आढळतात. वरची नोंद सांगते की सूर कोठून आणला आणि खालची सांगते की शब्द कोणाचे. संशोधकाने तळटीप द्यावी तसे हे आहे. उणीव एवढीच की चालीच्या नोंदीत गाण्याचे वा चित्रपटाचे नाव असते, संगीतकाराचे नसते. लोकप्रिय सूर हा त्या चित्रपटाचा म्हणून ओळखला जातो आणि तो रचणारा माणूस मागे पडतो. उसनवारी मान्य करणारी आपली परंपराही येथे अर्धवट प्रामाणिक आहे, हे मान्य केले पाहिजे.

४. अखेरचे कडवे कोठे गेले?

एम.फिल.च्या अभ्यासासाठी या भागातील गायनपार्ट्यांच्या हस्तलिखित वह्या पाहत असताना एका वयोवृद्ध शाहिरांनी मला एक जुनी ध्वनिफीत दाखवली. तीत त्यांचे एक गीत होते. मूळ वहीत त्याची पाच कडवी होती, ध्वनिफितीवर तीनच. पाचव्या कडव्यात त्यांची मुद्रा होती. वेष्टनावर गीतकाराच्या जागी 'पारंपरिक' असे छापले होते. ते म्हणाले, "पैशाचं जाऊ द्या सर, पन माहं नाव काहून कापलं?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचा उशिरा केलेला अभ्यास आहे.

येथे एक रूपबंधात्मक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. नाममुद्रा अखेरच्या कडव्यात असते आणि वेळेची काटछाट करावयाची झाली की प्रथम अखेरचे कडवेच जाते. तीन-साडेतीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकेने हे सुरू केले, ध्वनिफितीने ते चालू ठेवले आणि आज भ्रमणध्वनीवर फिरणाऱ्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींनी ते पूर्ण केले. या चित्रफितीत धृपद आणि फार तर एक कडवे असते. कवीचे नाव जेथे राहते तेथपर्यंत गाणे पोहोचतच नाही. यात कोणाचा दुष्ट हेतू असतोच असे नाही. माध्यमाच्या लांबीतूनच नाव गळून पडते. पण नाव एकदा गळाले की 'पारंपरिक' हा शिक्का मारणे सोपे होते आणि तो शिक्का बसला की मानधनाचा प्रश्नच उरत नाही.

छापील पुस्तकात कवितेवर नाव असते, त्यामुळे शेवटच्या ओळी गाळल्या तरी कर्ता शिल्लक राहतो. नाममुद्रेच्या कवितेत शेवटच्या ओळी गाळणे म्हणजे मुखपृष्ठ फाडणे होय. ही गोष्ट संपादक, ध्वनिमुद्रक आणि गायक या तिघांनीही समजून घेतली पाहिजे.

५. कायदा काय देतो?

भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्याच्या मूळ व्याख्येनुसार संगीतकृती म्हणजे लिहून वा छापून ठेवलेली स्वररचना. स्वरलिपी न जाणणाऱ्या, तोंडी चाल बांधणाऱ्या शाहिराची चाल या व्याख्येत बसतच नव्हती. ही अट १९९४ च्या दुरुस्तीने गेली. म्हणजे स्वातंत्र्यानंतर जवळजवळ अर्धशतक ग्रामीण कलावंताची चाल कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वात नव्हती.

मुदतीच्या बाबतीत मात्र कायदा उदार होत गेला. लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे ही मूळ मर्यादा १९९२ साली ६० वर्षे करण्यात आली. रवींद्रनाथ टागोर १९४१ साली निवर्तले होते आणि त्यांच्या साहित्यावरील विश्वभारतीचा हक्क संपत आला होता, ही या बदलाची पार्श्वभूमी होती. या नियमाने डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी मुक्त झाले. तुकडोजी महाराज १९६८ साली निवर्तले, त्यांच्या रचनांवरील मुदत २०२८ अखेर संपेल. २००४ साली निवर्तलेल्या वामनदादांच्या गीतांवरील हक्क २०६४ अखेरपर्यंत राहील. साठ वर्षांचा हा हक्क कागदावर भरभक्कम आहे. परंतु ज्याच्या कवितेवरून नावच पुसले गेले त्याच्या वारसांना तो बजावणार कसा? कर्ता अज्ञात ठरला की हक्काची मुदत कितीही लांबवली तरी ती निरुपयोगी होते.

चित्रपटगीतांच्या बाबतीत १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निर्णयानुसार मोबदला घेऊन चित्रपटासाठी लिहिणाऱ्या गीतकाराचा व संगीतकाराचा हक्क सामान्यतः निर्मात्याकडे जात असे. त्याच निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी कलावंतांच्या बाजूने सहानुभूतीची पुरवणी जोडली होती. तिला प्रतिसाद मिळण्यास ३५ वर्षे लागली. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी हिरिरीने समर्थन केलेल्या २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा स्वामित्वधनातील वाटा त्यांना सोडूनच देता येणार नाही, अशी तरतूद झाली. ही निःसंशय मोठी सुधारणा होय. मात्र तिचा लाभ ज्याचे नाव नोंदलेले आहे त्यालाच मिळतो.

नावाविषयी कायदा अगदीच मौन बाळगतो असेही नाही. कलम ५७ नुसार हक्क विकल्यानंतरही आपण कर्ता असल्याचे सांगण्याचा आणि आपल्या कृतीची मानहानिकारक मोडतोड रोखण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. अमरनाथ सेहगल यांचे विज्ञान भवनातील भित्तिशिल्प उतरवून त्याची हानी झाली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ साली याच कलमाच्या आधारे त्यांना शिल्पाचे अवशेष परत देण्याचा आणि पाच लाख रुपयांच्या भरपाईचा आदेश दिला. २०१२ पूर्वी लेखकाच्या वारसांना कर्तृत्व सांगण्याचा अधिकार नव्हता, तो त्या वर्षीच्या दुरुस्तीने मिळाला. माझ्या मते नाममुद्रेचे कडवे गाळणे हा या कलमातील दोन्ही अंगांचा एकाच वेळी होणारा भंग आहे, कारण त्यात कर्तृत्वही पुसले जाते आणि कृतीही खंडित होते. संत-शाहिरी कवितेच्या रूपबंधाची जाण असल्याशिवाय हा युक्तिवाद सुचणार नाही. म्हणून कायद्याच्या चर्चेत समीक्षकाची गरज आहे.

खरी त्रुटी कलम ५२-अ मध्ये आहे. ध्वनिमुद्रणावर कोणती माहिती द्यावी हे ते कलम ठरवते. मुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्कधारकाचे नाव-पत्ता आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष देणे बंधनकारक आहे. गीतकाराचे, संगीतकाराचे वा गायकाचे नाव देणे बंधनकारक नाही. मालक कोण हे सांगितलेच पाहिजे, कर्ता कोण हे सांगितले नाही तरी चालेल, असा या कलमाचा सरळ अर्थ होतो. मराठी परंपरेने सांगितलेल्या नीतीच्या नेमके उलट असे हे आहे.

६. उसनवारीची दिशा

दुसऱ्याची कला वापरणे सर्वत्र सारखेच असते काय? खेड्यातील कवी गाजलेल्या चित्रपटगीताच्या चालीवर जयंतीचे गाणे रचतो, तेव्हा त्या संगीतकाराला त्याच्या कामाचा मोबदला बाजारातून मिळालेला असतो आणि ती चाल कोणाची हे जगजाहीर असते. या गाण्याने त्याचा ग्राहक कमी होत नाही. याउलट एखादी ध्वनिमुद्रण संस्था खेड्यातील शाहिराचे गीत उचलते, तेव्हा त्याला मोबदलाही मिळालेला नसतो आणि त्याचे नावही कोणास ठाऊक नसते. पहिल्या उदाहरणात ओघ वरून खाली आहे, दुसऱ्यात खालून वर. कायद्याच्या भाषेत दोन्ही ठिकाणी 'उल्लंघन' हा एकच शब्द लागू शकतो. नीतीच्या भाषेत मात्र या दोन कृती एका तराजूत तोलता येत नाहीत.

कायद्याने हा भेद काही प्रमाणात ओळखला आहे. धार्मिक समारंभात व विवाहाच्या मिरवणुकीत केलेले सादरीकरण तसेच हौशी मंडळाने विनामूल्य श्रोत्यांपुढे केलेला प्रयोग यांना कलम ५२ खाली सूट आहे. त्यामुळे सप्ताहातील भजनी मंडळाला चिंतेचे कारण नाही. परंतु त्याच भजनाची चित्रफीत महाजालावर चढवली की ती सूट पुरेलच असे नाही. दुसऱ्याचे गाणे नव्या गळ्यातून मुद्रित करण्यासाठी कलम ३१-क मध्ये वैधानिक परवान्याची सोय आहे. पण त्यासाठी दरवर्षी किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वधन आगाऊ भरावे लागते. गायनपार्टीला ते कधीच परवडणार नाही.

उद्योगातील पुनर्वापर मात्र सुरळीत चालतो. 'जत्रा' या २००६ सालच्या मराठी चित्रपटातील 'कोंबडी पळाली' या गीताची चाल २०१२ सालच्या हिंदी 'अग्निपथ'मध्ये 'चिकनी चमेली' होऊन आली. दोन्हींचे संगीतकार अजय-अतुल हेच होते. चाल गेली तिच्याबरोबर नावही गेले. ज्याच्याजवळ करार आहे त्याचे नाव त्याच्या कलेबरोबर प्रवास करते. ज्याच्याजवळ फक्त नाममुद्रा आहे त्याची कला एकटीच पुढे जाते.

येथे विरुद्ध बाजूही तपासली पाहिजे. सर्वच पुनर्वापराला परवानगीची अट घातली असती तर आंबेडकरी जलशापासून आजच्या भीमगीतांपर्यंतची परंपरा वाढलीच नसती. लोकांच्या ओठांवर असलेल्या चालींवर नवा विचार बसवल्यामुळेच तो निरक्षर श्रोत्यापर्यंत पोहोचला. म्हणून कडक मालकी हा उपाय नव्हे. तिचा पहिला आघात दुर्बल कवीवरच होईल, कारण परवानगी मागण्याची पत्र-वकिलाची यंत्रणा त्याच्याकडे नसते. परवानगी सैल आणि श्रेय काटेकोर, हाच न्याय्य मार्ग ठरतो.

७. ज्यांची मुद्राच नव्हती

जात्यावरच्या ओवीला नाममुद्रा नसते. 'सांगते बाई तुला' असे म्हणून बोलणारी स्वतःला व्यक्त करते, पण नाव सांगत नाही. ओव्यांचे संग्रह करणाऱ्या पूर्वसूरींनी मोठे काम केले, परंतु गाणारणींची नावे त्यांत सहसा आढळत नाहीत. ओवी लोकांची, म्हणून गाणारी कोणीही, असे जणू गृहीत धरले गेले. या गृहीतकाला गी पोइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पाने छेद दिला. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या जमवताना गाणारणीचे नाव व गाव नोंदवले. 'पारी' या ग्रामीण पत्रकारितेच्या संग्रहाने २०१७ पासून त्या गाणारणींच्या नावांसह प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. ज्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नव्हते ते ओवीखाली आले. 'पारंपरिक' आणि 'अमुक गावच्या अमुक बाईंनी गायिलेली' या दोन नोंदींत काय अंतर आहे, हे यावरून समजते. ओवी परंपरेची असेल, पण त्या दिवशी त्या जात्यावर ती जिने आठवली, जुळवली आणि गायिली ती स्त्री परंपरा नव्हे, व्यक्ती आहे.

आता यंत्राद्वारे गीत व आवाज निर्माण करण्याचे युग आले आहे. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाने २०२५ साली समिती नेमली. मोबदला कसा गोळा करावा यावर चर्चा होत राहील. परंतु ज्या गीतांवरून नावे आधीच पुसली गेली आहेत ती यंत्राच्या पोटात 'पारंपरिक' म्हणूनच जातील आणि त्यांचा वाटा कोणाला द्यावयाचा, हा प्रश्नच उपस्थित होणार नाही. म्हणून नावे नोंदवण्याचे काम आज अधिक तातडीचे आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, मराठी गेय परंपरेत पुनर्वापर मुक्त होता, पण निनावी नव्हता. शब्दासाठी नाममुद्रा आणि चालीसाठी माथ्यावरची नोंद अशी तिची दुहेरी व्यवस्था होती. दुसरी, माध्यमांच्या काटछाटीमुळे ही व्यवस्था मोडली आणि कायद्याने कर्त्याऐवजी मालकाच्या नावाला प्राधान्य दिले. तिसरी, कलम ५२-अ मध्ये गीतकार, संगीतकार आणि गायक यांची नावे बंधनकारक करणे ही अल्प खर्चाची, पण दूरगामी सुधारणा ठरेल. 'पारंपरिक' असे लिहिण्यापूर्वी कर्त्याचा शोध घेतल्याची खात्री देण्याची अटही तीत असावी.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोपर्यंत काही गोष्टी आपल्या हाती आहेत. गायकाने वेळ कमी असेल तर मधले कडवे सोडावे, अखेरचे सोडू नये. चित्रफीत प्रसृत करणाऱ्याने कवीचे व संगीतकाराचे नाव खाली लिहावे. पुस्तिका छापणाऱ्याने चालीच्या नोंदीत चित्रपटाबरोबर संगीतकाराचेही नाव द्यावे. आणि महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी आपापल्या परिसरातील गायनपार्ट्यांच्या वह्या कवीच्या नावासह उतरवून घ्याव्यात. या वह्या वाळवीच्या आणि विस्मृतीच्या तोंडाशी आहेत.

त्या शाहिरांच्या वहीतील पाचवे कडवे मी उतरवून घेतले आहे. त्यांच्या गावातील पोरे ते गीत आज जयंतीत म्हणतात, तेव्हा पाचही कडवी म्हणतात. शेवटचे कडवे येते, मुद्रा उच्चारली जाते आणि मगच ढोलकी थांबते.